कंदील

जिनगोंडाअण्णा बोलायला उभे राहिले
की मी आवाज दोन घरं खाली घेतो.
'कष्ट' आणि 'घाम' ते छातीतून मारतात,
माझ्या जुन्या कर्ण्याला झेपत नाही.

भाषण मला पाठ आहे.
सतराव्या वर्षी सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहिली,
हात महिना महिना पिवळे,
फुकटचा चहासुद्धा कधी घेतला नाही.
इथे थांबतात, टाळीपुरते.
मग तळहात वर धरतात.
मागच्या रांगांना तो दिसत नाही.
मला दिसतो, मंचाच्या कडेला बसून.
घट्टे होते त्यावर, खोटं का बोलू.
आता एक अंगठी आहे, आणि तिच्याभोवती सूज.

माझा बाप, दस्तगीर,
हरिपूरला पेवात उतरायचा हळद काढायला.
आधी दोरीनं कंदील सोडायचा खाली.
विझला, तर काठावर बसून बिडी.
तेवत राहिला, तर माणूस.
कष्टावर तो कधी काही बोलला नाही.
एवढंच म्हणायचा,
"खाली हवा हाय का बघावं अगुदर."

काल कवठेपिरानला सभा.
अण्णा म्हणाले, पोरांनो, चिठ्ठ्या मागू नका कुणाकडं,
आपलं आपण कमवा.
पहिल्या रांगेत त्यांचा नातू,
कारखान्याचा नवाकोरा संचालक,
मोबाइलवर अंगठा फिरवत.
कुणी हसलं नाही. मीही नाही.
पोराला घेऊन आलेल्या एका बाईनं
मांडीवरची सर्टिफिकिटांची पिशवी
हळूच पदराखाली सरकवली.

नंतर वायरी गुंडाळत होतो.
गाडीकडे जाताना अण्णा वळले.
"दस्तगीरचा न्हवं तू?
दोघं एका पोत्याला लागायचो आम्ही.
लई राबला तुझा बाप."
बिनमाइकचा आवाज. बारीक. म्हाताऱ्याचा.

तीन सभांचं बिल खिशात होतं.
हात तिथवर गेला
आणि कळेना,
हा कागद पुढे केला
तर तीही चिठ्ठीच ठरेल का.

गाडी गेली.
एक माइक चालूच राहिला होता,
मोकळ्या मैदानावर माझाच श्वास
मला मोठ्यानं ऐकू येत होता.
मशीनचा तांबडा दिवा बघितला.
तेवत होता.
उद्या बंगल्यावर जायचं, म्हटलं.
नऊच्या आत.