पाटी

अंगावरून वारं गेलं ते गुरुवारी, शिडीवर असताना.
खाली डबा धरून उभ्या पोराला वाटलं, उतरतायत.
बा पडत होता.
खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानाची पाटी अर्धी राहिली :
वरची मोठी कन्नड ओळ पुरी,
खालची मराठी 'भां'वर थांबलेली,
अनुस्वार ओला.

शट्टुप्पा मुतगेकर, पेंटर, अनगोळ.
चाळीस वर्षं दोन्ही लिप्या एकाच ब्रशानं.
म्हणायचा, मराठी अक्षर दोरीवर वाळत घालायचं,
कन्नड अक्षर भाकरीसारखं हातावर फिरवायचं.
मोर्चाचे फलक फुकट रंगवायचा
आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या पाट्या, रोख पैसे घेऊन.

सिव्हिलातून मिळालेला कागद कन्नडमध्ये.
आईनं गोळ्यांच्या पाकिटांवर स्केचपेननं
सूर्य काढला, चंद्र काढला,
जेवणाआधीच्या गोळीला रिकामं ताट.
कागद देवाच्या फोटोमागे सारला.
कुणाकडून वाचून घ्यायची लाज वाटली तिला.
नववी शिकलेली बाई,
आणि जन्मल्या गावात अडाणी.

मंगळवारी बोलायला शिकवणाऱ्या मेटगुड मॅडम, गोकाकच्या.
आधी म्हणाल्या, "माझं मराठी मोडकं हां, काका."
तक्त्यावर गाय, दार, तांब्या.
बा तांब्याकडे बघत राहिला,
कपाळावर घाम,
मग म्हणाला, "नीरू."
मॅडमनी टाळी वाजवली.
आई म्हणाली, "पाणी. पाणी म्हणा की."
पाणी उजव्या ओठाच्या कडेनं सांडत राहिलं,
शब्द आला नाही.

चौगुले काका आले, जुन्या मोर्चातले, सफरचंदं घेऊन.
बाच्या डोक्यावरून आईशी बोलले,
"आता ह्येंचं कसं?"
दुसरा कप पुढे केला तर बा म्हणाला, "साकू."
चहा पुरे, एवढंच.
काका हसले. मग हसू बशीत ठेवलं.
बाहेर चपला घालताना म्हणाले,
"जल्मभर भांडला आनि आता बघ की."

कान शाबूत होते.

अकरा दिवस बा कुठल्याच भाषेत बोलला नाही.
दाबायचा चेंडू घरंगळत कॉटखाली गेला,
कुणी काढला नाही.
मीसुद्धा नाही.

शेजारची निंगव्वा मग पावटे घेऊन आमच्या कट्ट्यावर बसायला लागली.
सुनेच्या तक्रारी सांगायची, त्यालाच, तिच्या बोलीत,
उत्तराची वाट न बघता.
एक शेंग त्याच्या डाव्या हातात दिली : "तगोरी."
दोन दिवसांनी उजव्या हातात.
व्यायाम हा शब्द कुणी काढला नाही.
शेंग फुटायला पाऊण तास लागला.
दाणे लादीवर उडाले
आणि बा म्हणाला, "बा."

निंगव्वा उठून जवळ गेली.
तिच्यात त्याचा अर्थ, ये.
मी दारातून आत धावले.
आमच्यात त्याचा अर्थ, तो स्वतः.
किंवा त्याचा बाप, जो मी पाहिलेला नाही.
मंगळवारी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी वहीत एकच खूण केली.
कुठल्या रकान्यात, मी विचारलं नाही.

खडेबाजारातली पाटी दुसऱ्याच कुणी पुरी केली.
'भां' मात्र बाचाच आहे.
ओघळलेला अनुस्वार कुणी पुसला नाही.

काल त्याला माझी शाळेतली पाटी दिली, सैल चौकटीची.
डाव्या हातानं गोल काढला, न मिटलेला.
आई म्हणाली, "ठ."
निंगव्वा, जिला वाचता येत नाही, म्हणाली, "रोट्टी."
बा अर्ध्या तोंडानं हसला.
मग आईनं तांब्या उचलला,
दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि चोरी करावी तशी पुटपुटली,
"नीरू बेकु?"

बानं बोट हलवलं.
बे लांब कर.
तीनदा म्हणायला लावलं तिला,
मगच प्यायला.