निद्रेच्या दिवसांचा दर

सव्वीस वर्षं तिकिटं फाडली, तुळजापूर डेपो,
पण दर कधी ठरवला नाही.
दर वरून यायचा, टप्प्याटप्प्यानं छापून.
दिवाळीत दहा टक्के वाढला
की शिव्या तेवढ्या माझ्या खाकी खांद्यावर उतरायच्या.
मी म्हणायचे, मावशी, मी नाही वाढवला.
ते खरं असायचं.
खरं बोलण्याची ती मोठी सोय होती.

आता वरच्या मजल्यावर दोन खोल्या, नवा गीझर,
आणि मोबाइलवर वर्षाचे तीनशे पासष्ट चौकोन.
प्रत्येक चौकोन विचारतो, बोला, किती?

पुतण्या इंद्रजित लातूरला शिकतो. म्हणतो,
"काकू, मागणी बघून वाढवायचं. विमानवाले तसंच करायलेत."
मी विमानात बसले नाही.
मला मागणी माहीत आहे ती पायरीवरची,
मंगळवारी दुपारी सोलापूर गाडीच्या दाराला लोंबकळलेली.

मग बसलो दोघं. पंचांग मांडीवर, फोन चार्जिंगला.
नवरात्र, मी म्हणाले तीन हजार. तो म्हणाला पाच.
चारावर मिटलं.
चैत्री पौर्णिमा अडीच.
वैशाखात माणूस येत नाही, पाणी टँकरनं येतं,
गिऱ्हाईक स्वस्त आणि बादली महाग,
हे त्या ॲपला कसं सांगायचं ते इंद्रजितलाही येईना.
कोजागिरीला सोलापूरचे लोक रात्रभर चालत येतात.
त्यांना खोली नको असते, पाय टेकायला ओटा हवा असतो.
तिथं आकडा लिहिला, खोडला,
परत लिहिला.

पोरांचा रकाना आला. दोन वर्षांखालचं फुकट.
मला हसू फुटलं.
किती आयांनी सात वर्षांचं पोर मांडीवर दुमडून
"चौथं सरायचंय अजून" म्हणून सांगितलं मला,
आणि पोरानंच मधे तोंड घालून
"दुसरीत हाय मी" म्हणून आईचा घात केला.
अर्धं तिकीट मी कधी फाडलं, कधी नाही.
त्याला सूट म्हणत नव्हते. काहीच म्हणत नव्हते.

भाद्रपदात पोचलो. वद्य अष्टमीला देवी पलंगावर जाते.
घोरनिद्रा. अमावास्येपर्यंत.
घाटशीळ रोडला रिक्षावाले पत्ते कुटत बसतात.
"इथं पाडा," इंद्रजित म्हणाला. "सहाशे."
पाडलं.

पहिलं गिऱ्हाईक त्याच सहाशेवर आलं.
निलंग्याची चतुराबाई, शाळेत खिचडी शिजवणारी.
भाचीनं फोनवरून खोली धरून दिलेली.
हातात एक पिशवी, पिशवीत घरची चादर.
मी म्हणाले, बाई, ह्या दिवसात कशाला?
नवरात्रात यायचं, डोळे उघडे असतात तिचे.
तर म्हणाली,
"तव्हा धक्के खात फुडं गेलं
की काय मागायचं तेच इसरून जातंय.
आता ती निजलीय. मी बी निजायलाच आले."

आणि निजली.
रात्री जेवली नाही. सकाळचे नऊ वाजले, दहा वाजले.
दहाला खोली सोडायची, असं मीच लिहिलेलं,
लॅमिनेट करून दारामागं डकवलेलं.
अकराला वर गेले, दार वाजवायला बोटं मुडपली.
आत पंखा फिरत होता, एका बाजूला किंचित कडकडत.
डेपोत शेवटची गाडी लागली
की मागच्या बाकावर कुणीतरी असंच राहिलेलं असायचं.
त्याला मी उठवायचेच. गाडी धुवायला जायची असायची.

जिन्यात फोन वाजला.
ह्या तारखांना विचारणा वाढली आहे,
दर आठशे करायचा का?
हो. नको.
वरून कुणी छापून पाठवलेलं नाही.
अंगठा तसाच धरून
मी पायरीवर बसले,
चप्पल काढून, आवाज नको म्हणून.