सुगीचं कोहळं

सुगीच्या रविवारी देवाला न्यायला
कोठीत शिरलो, मोबाइलची बत्ती लावून.
आठ कोहळी. पऱ्हाटीच्या कुडावर पोसलेली.
सात वाजवून पाहिली, सातही ठण्ण.
आठव्याच्या देठाशी रुपयाएवढा मऊ डाग.

तेच उचललं.
वेदीपाशी ठेवताना डाग भिंतीकडे फिरवला,
फोटो काढताना माणूस
आपली बरी बाजू पुढे करतो, तसा.

पाळकसाहेब म्हणाले, डोळे मिटा.
मिटले.
माझी प्रार्थना मला पाठ आहे :
माझी तूर, माझा गुडघा,
माझ्या पोराची नागपूरला बदली,
माझा दीड हात धुरा, जो शेजाऱ्यानं नांगरला,
आणि शेवटी, अर्जाखाली सही ठोकावी तसं,
येशूच्या नावात, आमेन.

उपासनेनंतर अंगणात लिलाव.
शमुवेल मास्तरांनी कोहळं डोक्यावर धरलं :
"आशेर तायडेंकडून, देवाला!"
आपलं नाव असं मोठ्यानं ऐकलं
की छाती फुगतेच.
मग दिसलं, मास्तरांचा अंगठा
नेमका डागावर.
ते काही बोलले नाहीत.

तीस. चाळीस.
निंबाखालून तबीथाबाई : ऐंशी.
मिशनचा दवाखाना बंद पडल्यापासून
तिच्या घरी ऐंशी रुपये कधी
एका जागी बसलेले नाहीत.
"एवढे काहून वं?" कुणीतरी हसलं.
"देवाच्या घरचं हाय," ती म्हणाली,
पदराची गाठ दातानं सोडत.

दिवेलागणीला तिचा नातू आला.
स्टीलची वाटी, वर पळसाचं पान,
आत बोंडं, गरम.
"आबा, आजीनं सांगतलं,
देठापाशी जरासं सडलं होतं, थे काढून टाकलं.
बाकी लय गोड निंघालं.
तुमाले पहिलं पाठवलं."

पहिलं.

पोरगा वाटीसाठी थांबला होता.
माझी आई म्हणायची,
कुणाची वाटी रिकामी परत धाडू नये.
कोठीत गेलो. सात कोहळी.
सगळ्यांत लहान होतं त्याच्याकडे
हात आधीच गेला होता.
मी पाहिलं त्याला जाताना.

"वाटी उद्या आणून देतो," पोराला म्हटलं.

रात्री गुडघ्यावर बसलो, त्याच दुखऱ्या.
'माझं' म्हणायला तोंड उघडलं,
जिभेवर अजून तिचा गूळ.
यादीतलं एकही नाव आठवेना.
बाहेर कुत्रं भुंकून थांबलं.
मागायचं नसलं की त्याच्यापुढे
नुसतं कसं बसतात,
साठ वर्षं देवळात जाऊन
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
बसलो.

कोपऱ्यात वाटी,
घासलेली, पालथी.
एवढीशी.
तिच्यात काय मावेल
मला कळेना.