हातचा

हॅलिफॅक्सच्या बंदराकडे पाठ करून
तळघरात माझं टेबल आहे.
वर चौथ्या मजल्यावर ते छाती उघडतात,
मी तीस दिवस थांबते, मग फोन लावते.
'लॉर्ना बोलतेय, हॉस्पिटलातून.
कसे आहेत मिस्टर बुड्रो?'
बहुतेकदा मागे टीव्ही चालू असतो,
कुणी म्हणतं, थांबा, त्यांनाच देते,
कोंबड्यांना दाणे टाकताहेत.
मी रकान्यात शून्य लिहिते.
कधी नुसताच भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज.
मग एक.

प्रत्येक सर्जनची एक रेघ आहे.
माणूस जगला की जराशी उतरते,
गेला की चढते. किती, ते त्याच्या वयावर,
मूत्रपिंडांवर, आधीच्या झटक्यांवर.
थकलेल्या म्हातारीने ती इंचभरही हलत नाही,
पन्नाशीतल्या धडधाकट मासेमाराने
पायरीच पडते.

डॉक्टर गिलिस मॅकइकर्न यांची रेघ
फेब्रुवारीपासून जिना झाली होती.
त्यांच्या हाताला गुण आहे म्हणतात,
केप ब्रेटनहून लोक जॅमच्या बरण्या घेऊन येतात.
गुणाला माझ्याकडे रकाना नाही.

ते खाली आले. पायात अजून थिएटरातल्या सपाता.
एका पायरीवर बोट ठेवून म्हणाले, 'हा कोण?'
नावं सांगायची नसतात.
मी सांगितलं.
'हो,' म्हणाले, 'आदल्या रात्री त्याने मला
पिंजऱ्याच्या दोरीची गाठ शिकवली होती.
माझ्या गाठीला हसला होता.'

नंतर उन्हाळाभर रेघ उतरत गेली.
समितीच्या बैठकीत केक कापला.
मी एकटीच यादी वाचत बसले:
ऐंशीच्या पुढचं कुणी नाही.
डायलिसिसवरचं कुणी नाही.
सगळं हातचा राखून चाललेलं.
ज्यांना वरच्या वर 'नाही' म्हटलं
त्यांना तिसाव्या दिवशी कोण विचारणार?
आणि तिसावा, तो कधीपासून मोजायचा?

अहवालाला मी एक कोरं पान जोडलं.
वर फक्त तारखा.
त्यांनी ते परत पाठवलं नाही.

ऑक्टोबरात यार्मथहून व्हर्ना कोमो आल्या,
निवृत्त, एकाहत्तरच्या, गुडघ्याला पट्टा.
त्यांच्या मागे स्टुलावर चढून उभ्या राहिल्या, वही घेऊन.
चार तासांत तीन वाक्यं.
कोपर उचलतोयस.
सुई दोनदा धरतोयस.
इथे कसली घाई?
नर्स सांगत होती, बावीस वर्षांत
त्या हातांकडे कुणी असं बघितलं नव्हतं.
माझी रेघ एवढंच म्हणत होती की चुकतंय.
कोपर तिला कुठून दिसणार?

आज मिसेस इफी पॉयरियर.
वय त्र्याऐंशी, एकच मूत्रपिंड, सही मॅकइकर्न यांची.
फोन वाजतोय. पाच. सहा.
शाळेत बेरजेत मी हातचा विसरायचे.
बाई म्हणायच्या, वर कोपऱ्यात बारीक लिहून ठेव,
नाहीतर उत्तर उत्तरासारखं दिसेल
आणि चुकलेलं असेल.
सात. आठ.
पेन्सिल रकान्यावर.
नऊ.

उचलला. नुसती धाप.
'थांब गं जरा,' म्हणते,
'जिना चढून आलेय.'