दोन गठ्ठे

पिंपळनेरच्या कचेरीत सहा दिवस झाले,
मी कागद निवडतोय.
नव्या साहेबाचा हुकूम सोपा आहे,
डावीकडे चालू, उजवीकडे रद्द.

पांझरेच्या फडाचं पाणी, वरच्या गावाला चार पहर,
खालच्याला तीन. डावीकडे.
शिवेचे दगड, नाल्यापासून चिंचेपर्यंत. डावीकडे.
दगडाला धनी विचारता येत नाही.
जुन्या दौलतीच्या पागेला दरसाल वीस घोडी.
पागाच उठली. उजवीकडे.
"आमचा शत्रू तो तुमचा शत्रू."
हा जरा वेळ हातात राहिला.
शत्रूच आता पलीकडच्या खोलीत बसून
सुपारी मागवतोय.
उजवीकडे.

एका कागदाच्या शेवटी
माझ्याच आज्याचं वळण, यावच्चंद्रदिवाकरौ चालवावे.
चंद्र काल कौलांवर होता, मी पाहिला.
तरी उजवीकडे.

दुपारी वेस्त्या नाईक आला, कोंडाईबारीचा.
पागोटं नवं, हात रिकामे.
दरसाल बारा रुपये, दोन पागोटी, खंडीभर दादर,
त्याबदल्यात बारीतून लमाणांचे बैल सुखरूप.
कागद?
कागद नाही. त्याच्या बापानं आणि कमाविसदारानं
एका दगडावर मोहाची धार सोडली,
उरलेली दोघांनी प्यायली.
दगड आहे, म्हणाला, चला, दाखवतो.

साहेबानं माझ्याकडून विचारवलं, करार कुणाशी?
सरकारशी.
कोणत्या?
वेस्त्या माझ्याकडे बघत राहिला,
जसं मी लेकराला विचारावं, कोणता सूर्य.
मग म्हणाला,
"सरकार बदलनं. बारी काय बदलनी?"

साहेबाला मराठी येत नाही, अहिराणी तर नाहीच.
मी हिंदुस्थानीत सांगितलं,
हुजूर, पैसे मागतोय.

खोटं नव्हतं ते.
वेस्त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
कळलं असावं, काही गळालं.
पागोटं सारखं केलं आणि उतरला पायऱ्या.
कोणत्याच गठ्ठ्यात घालायला काही ठेवून गेला नाही.

आज नववा दिवस.
सुरतेकडून एकही तांडा वर आलेला नाही.
बाजारात मीठ तिप्पट, तेही ओलं.
घरी कळण्याची भाकरी अळणी.
बायको म्हणाली, कुणाचं खाताय हल्ली?
मी पाणी मागितलं.

उद्या साहेब विचारणार,
जुन्या कारकुनांच्या नेमणुकीचे कागद कुठे आहेत.
माझ्या बंडीच्या खिशात आहेत.
निवडायचे राहिलेत.