घट

मोरगिरी मागे पडली की रस्ता डांबर विसरतो.
पुढे पाऊण तास चढ.
पाठीवर नळी, हातोडा, चौदा कोऱ्या पिशव्या,
आणि वाघजाईच्या राईच्या तोंडाशी
काठी आडवी धरून ठकूबाई येडगे.

"हितली काडी भाईर जात न्हाई.
वाळकं पान सुदीक न्हाई.
माती कशापायी नेतीस? घटासाठी?"

श्रावणही सरला नव्हता.
पण माझ्या वहीत शेवटच्या रकान्याचं नाव
खरंच तेच होतं: घट.
मी हो म्हणाले.
खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

काठी बाजूला झाली.
"नऊ दिस. मग आणून टाकायची. जिथली तिथं."

आत पाऊल टाकलं तर ते जमिनीला टेकेना.
पानावर पान, खालचं ओलं,
त्याखालचं नुसतं शिरांचं जाळं,
त्याखाली पान होतं की माती
हे तिथल्या वाळवीलाच ठाऊक.
केसाहून बारीक पांढरे धागे
अंजनीच्या मुळात शिरून पुढे गेलेले.
कुठे, ते दिसलं नाही.
नळीच्या कडेला एक पैसा
वेटोळं करून पडला होता,
राईतली तेवढीच नाणी.

ठोकत गेले. दहा, वीस, तीस सेंटिमीटर.
वरची माती तव्याच्या बुडासारखी,
मग तपकिरी, तळाला जांभ्याची लाली.
तीस सेंटिमीटर म्हणजे किती वर्षं,
हे ठकूबाईने विचारलं नाही.
बरं झालं.

पलीकडच्या उतारावर राब भाजतात.
तिथे नळी दोन घावांत खडकाला लागली.

मग डबा पालथा घातला मातीवर.
माती श्वास सोडते, तो मोजायचा असतो.
तीन वर्षांमागे याच जागी, याच महिन्यात
ती निजल्यासारखी सोडत होती.
यंदा काटा थांबेना,
चढण चढून आल्यागत धाप.
साठवलेलं ती आतल्या आत खात होती,
आणि उच्छ्वास माझ्या डब्यात.
मी आकडा लिहिला, काही बोलले नाही.
ठकूबाईच म्हणाली,
"औंदा माघात घोंगडं खुंटीवरनं निघालंच न्हाई."

कराडच्या प्रयोगशाळेत मुशी मांडल्या ओळीने.
वीस ग्रॅम, वाळवून, चाळून.
भट्टी साडेचारशे अंशांवर.
मातीने किती राखलं होतं
हे कळायला ती जाळावी लागते.
दुसरी रीत आहे, तिच्यात आम्ल लागतं,
माती त्यातूनही परत येत नाही.
सकाळी मुशीत विटेचा भुगा होता.
सतरा ग्रॅम दोन.
घट: दोन पूर्णांक आठ.
राबाच्या रानाची: शून्य पूर्णांक नऊ.
साहेब खूश. राई जिंकली म्हणाले.

परत गेले तो अकरावा दिवस.
ठकूबाईने चिमूट घेतली, वास घेतला.
"ही आमची न्हाई."
"तुमचीच आहे."
"मग हिच्यातलं काळं कुठं ग्येलं?"

मी बोट वर केलं.
ती बघत राहिली, डोळ्यांवर हात धरून,
जणू एखादं ढोर तिकडे चुकलंय
आणि हाक मारली तर वळेल.

मग खाली बसली.
पानं सारली, लाल भुगा ओतला,
पानं पुन्हा ओढून घेतली,
लेकराची वाकळ सारखी करावी तशी.
"कमी भरली," म्हणाली. एवढंच.
तिच्याकडे वही नाही, काटा नाही.
दोन पूर्णांक आठ मी अजून
तिला देणं लागते.

पहिल्या वळणावर बूट झटकायला थांबले.
तळव्याला हिरड्याचं एक वाळकं पान
चिकटून आलं होतं.
एसटी पाच वाजता सुटते, पावणेपाच झालेले.

मी वळले आणि पुन्हा चढ चढू लागले.