दीड आटा

आइता फोनवर म्हणाला, क्लच गेला.
एवढंच. मग वाऱ्याचा आवाज,
मग कुत्र्याला बास्कमध्ये एक शिवी,
मग फोन बंद.

विनेमकाहून दीडशे मैल.
डिकीत जॅक, दहाचा पाना, बाराचा पाना,
ब्रेक ऑइलचा डबा, सील न फोडलेला.
उघडा डबा हवेतलं पाणी पितो
हे त्यानंच शिकवलं होतं, मी नऊ वर्षांची असताना,
याच गाडीखाली, उताणी झोपवून.

शहाऐंशीची टोयोटा. रंग एके काळी लाल.
हौद्यात तारेचं भेंडोळं, मेंढ्यांसाठी मिठाची लादी,
चाटून चाटून मधोमध खोलगट झालेली.

"रिव्हर्स टाकला की करकरते," तो म्हणाला.
"पहिला पडतच नाही. तुझ्या आईसारखी झालीय,
सांगितलेलं ऐकत नाही."
आईला जाऊन सहा वर्षं झाली.

मी बॉनेट उघडलं. आधी बाटली पाहिली.
पातळी ठीक. ऑइल कोऱ्या चहासारखं, काळं नाही.
मग केबिनमध्ये उलटी होऊन पेडलच्या वर डोकं घातलं,
मास्टर सिलिंडरच्या बुडाशी बोट फिरवलं.
कोरडं.
मग गाडीखाली. स्लेव्हचं रबरी टोपण सोललं.
पाझरायचं तर इथूनच पाझरतं.
धूळ. नेवाडाची मैद्यासारखी पांढरी धूळ,
तिच्यावर ओलीचा डागही नाही.

तरी हवा शिरली असेल म्हणून निपल सैल केलं.
"दाब," मी खालून ओरडले. "धर. आता सोड."
दाब. धर. सोड.
नळीतून ऑइल येत होतं, एकही बुडबुडा नव्हता,
पण दर वेळी जेमतेम.
दांडा अर्धा इंच सरकायला हवा.
पाव इंच सरकत होता.

वर आले. हात पुसले. "उतर जरा."
मी बसले, पेडल तळाला टेकवलं, रिव्हर्स टाकला.
फाटकाची कडी बसावी तसा बसला.
पहिला. दुसरा. पुन्हा रिव्हर्स.
कुठे काही करकरलं नाही.

"आता तू."
मी दार धरून उभी राहिले आणि
या खेपेला गाडीकडे नाही पाहिलं.
डावा बूट पेडलवर गेला.
गुडघ्यापाशी विजार थरथरली.
तळापासून चार बोटं वर पेडल थांबलं,
आणि आइतानं, मी बघत नाही असं समजून,
गुडघ्यावर तळवा ठेवून जोर दिला.

कधीपासून, हे विचारता आलं असतं.
डॉक्टरचं नाव काढता आलं असतं.
चावी खिशात टाकून निघता आलं असतं,
माझा भाऊ तेच म्हणाला असता.

"दांड्याला प्ले फार झालाय," मी म्हटलं.
बाराच्या पान्यानं लॉकनट सोडला,
दांडा लांबवला, पेडलचा सगळा मोकळेपणा
जवळजवळ संपवला,
केसभर ठेवला, तेवढा लागतोच.
आता वरच्या वरच सुटेल क्लच.

अशानं बेअरिंग सतत घासत राहतं, माहीत आहे.
प्लेट घसरायला लागेल.
हिवाळ्यात कधीतरी, चौथ्या गिअरमध्ये, खिंडीच्या चढावर
इंजिन बोंबलेल आणि गाडी जागच्या जागी रेंगाळेल.
तेव्हा फिरवायला आटा उरलेला नसेल.

त्यानं कुरणाला एक फेरी मारली.
रिव्हर्स घेऊन गाडी गोठ्याशी लावली, आवाज न करता,
कुत्रं हौद्यात, कान वाऱ्यावर.
उतरताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला,
एखादी जड पिशवी उतरवावी तसा.

"ऑर्व्हिल म्हणत होता, अख्खा किट बदलावा लागेल. चोर आहे."
"हो."
"किती आटे फिरवलेस?"
"दीड."
त्यानं पाना माझ्या हातातून घेतला,
फडक्यानं पुसला, पुसतच राहिला.
"दीडच? मला वाटलं होतं, दोन तरी लागतील."